कुरडूची फुलं आणि चॅप्टर सदुसष्ट

३ नोव्हेंबर, सोमवार
निशिगंधा सकाळच्या एसटीने चिपळूणला माहेरी गेली. आईचे गुडघे दुखतात. आठवड्याभरात येईल. दोन्ही मोठ्या बॅगा नेल्या. चिपळूणला थंडी जास्त. बी.एड.ची सर्टिफिकेटंही नेली. झेरॉक्स काढायची असतील.

जाताना म्हणाली, ऑर्डर दिलेल्या डेन्मार्कच्या बाईंचे खोके बांधून ठेवलेत, फक्त आम्रपालीकडे पाठवा, कागदपत्रं ती करेल. आम्रपाली म्हणजे तिची कॉलेजातली मैत्रीण. मुंबईत कस्टम क्लिअरिंगच्या ऑफिसात असते. ‘फक्त पाठवा’ हे खटकलं. घरातून पहिली एक्स्पोर्ट ऑर्डर जाते आहे आणि नवऱ्याने हमाली करायची?

संकल्प: सगळं एक्स्पोर्ट स्वतः हाताळायचं. ती परत येईल तेव्हा माल डेन्मार्कात पोचलेला. चकित झाली पाहिजे.

४ नोव्हेंबर
एक खोका उघडून पाहिला. सड्यावरची, म्हणजे गावामागच्या कातळ-माळावरची कुरडूची फुलं, भाताच्या लोंब्या, कसलंसं तुऱ्यांचं गवत. वाळवलेलं. काही गुच्छ गुलाबी रंगवलेले, काही पानं ग्लिसरीनमध्ये मुरवलेली. गणपतीनंतर ती रोज सकाळी सड्यावर जायची. मलाही दोनदा चला म्हणाली होती. तेव्हा मला सर्दी होती.

शेजारचे भागोजीतात्या कुंपणावरून विचारत होते, “बॅगा दोन्ही नेल्यान ना रे तिने?” हो म्हटलं. तात्या परत झाडांना पाणी घालायला लागले. बायको गेल्यापासून एकटेच राहतात, त्यामुळे त्यांना दुसऱ्यांच्या घरात फार रस.

६ नोव्हेंबर
आम्रपालीचा फोन. म्हणाली, वाळवलेली असोत की रंगवलेली, शोभेची फुलं कस्टमच्या शून्य सहा शून्य तीन या कोडमध्येच जातात. नुसतं गवत आणि पानं असतील तर शून्य सहा शून्य चार. प्रत्येक वनस्पतीचं शास्त्रीय नाव लागेल आणि रोपांच्या तपासणीचा दाखलाही काढू. तपासणीसाठी थोडे दिवस जातील. मी बघतो म्हटलं.

मी कॉलेजच्या ऑफिसात सोळा वर्षं हेडक्लार्क आहे. वर्गवारी मला कोणी शिकवू नये.

९ नोव्हेंबर, रविवार
दिवसभर कस्टमचा टॅरिफ, म्हणजे मालाच्या वर्गवारीची यादी वाचली. चॅप्टर सदुसष्ट सापडला! कृत्रिम फुलं. कृत्रिम म्हणजे माणसाने केलेलं. रंग माणसाने दिला, ग्लिसरीन माणसाने घातलं, सुतळी माणसाने बांधली. यात शास्त्रीय नाव नको, दाखला नको, तपासणी नको. आम्रपालीला हे सुचलं नाही. नोकरीत माणूस चाकोरीत अडकतो.

निशीला फोन केला. उचलला नाही. आईचे पाय चेपत असेल.

१२ नोव्हेंबर
दुसऱ्या एका एजंटाकडून खोके मुंबईला रवाना. डिक्लरेशनवर स्वतः लिहिलं: कृत्रिम फुलं, ६७०२. सही झोकात आली.

आठवडा झाला, पण गुडघ्यांचं दुखणं चिवट असतं.

२१ नोव्हेंबर
खोके मुंबईत अडकले. कस्टमवाल्यांनी एक फोडला आणि कुरडूचं बी टेबलावर सांडलं. कृत्रिम फुलात बी कुठून आलं, असं विचारतात. एजंट मलाच ओरडला. शांतपणे समजावलं की हा मतभेदाचा मुद्दा आहे. सविस्तर उत्तर टाइप करतो.

निशीचा मेसेज: माल गेला का? कळवलं, मार्गावर आहे. खोटं नाही. मुंबई मार्गावरच आहे.

२ डिसेंबर
उत्तर पाठवलं, अकरा पानी. ‘फूल’ या संज्ञेचा ऊहापोह पान चारवर आहे. चांगला जमलाय. निशीला वाचून दाखवायचा होता.

आज चिपळूणहून तिच्या भावाचा फोन. दीदीला तिथल्या एका शाळेत नोकरी लागली. चांगलं आहे, विरंगुळा. टेंपररी असणार.

११ डिसेंबर
डेन्मार्कच्या बाईंनी ऑर्डर रद्द केली. नाताळचं दुकान मांडून झालं, आता माल नको. हे त्यांनी निशीलाच लिहिलं. मग निशीने आम्रपालीला विचारलं, आणि आम्रपालीने एजंट शोधून काढून सगळं खणून काढलं. बायकांना दम नसतो.

संध्याकाळी निशीचा फोन आला. ओरडेल असं वाटलं होतं, मी मुद्दे काढून बसलो होतो. ती ओरडली नाही. खोके किती दिवस मुंबईत आहेत तेवढं विचारलं. मग म्हणाली, “मी फुलं म्हणून दिली होती. तुम्ही खोटी म्हणून लिहिलीत.”

मी म्हटलं, कृत्रिम आणि खोटं यात कायद्याने फरक आहे. तिने फोन ठेवला.

फरक आहे. उद्या परत तपासतो.

१२ डिसेंबर
तपासला नाही. ऑफिसात काम होतं.

२९ डिसेंबर
खोके परत आले. भागोजीतात्यांनी टेम्पोतून उतरवायला मदत केली. कुरडूची निम्मी फुलं झडली आहेत, लोंब्या उंदरांनी खाल्ल्या. पण रंग टिकलाय. संकल्प: नव्या वर्षात हे नीट लावून ठेवायचं. तिला म्हणता येईल, बघ, मी सांभाळलंय.

तात्या म्हणाले, “ती यायची नाय आता, संदेश.” मी म्हटलं, शाळेला मे महिन्यात सुट्टी लागते.

१८ जानेवारी, रविवार
आज निशी आली.

आधी मेसेज केला होता, त्यामुळे दाढी केली, अंगण झाडलं. वाळवणाच्या चौकटी, दोऱ्या आणि ग्लिसरीनचे कॅन न्यायला आली होती. चिपळूणला एक खोली घेतली आहे. डेन्मार्कच्या बाईंनी ईस्टरसाठी परत विचारलंय. कागद आम्रपाली करणार.

मी पाठ केलं होतं सगळं. सड्यावर मीपण येईन म्हणणार होतो. सर्दीचं सांगणार होतो. प्रत्यक्षात विचारलं, कोड कुठला टाकणार? ती म्हणाली, शून्य सहा शून्य तीन. मी म्हटलं, बरोबर आहे. अकरा पानी उत्तर लिहिलेल्या माणसाने हे म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली. पूर्वी बघायची तसं, थोडा वेळ.

झडलेल्या गुच्छांपाशी बसली. एक उचलला, कुरडूचं बी तळहातावर झटकून घेतलं आणि रुमालात बांधलं. पेरायला होईल म्हणाली. बाकीचे नको.

दारात सांगितलं की मार्चमध्ये एकदा वकिलाकडे सहीला यावं लागेल, कोर्टात दोघांच्या संमतीने लवकर होतं. मी म्हटलं, बघतो, मार्च एंडिंगला ऑफिसात फार गडबड असते.

“तुम्ही या हां,” ती म्हणाली. कोणाला जेवायला बोलवावं तशी. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसली. मांडीवर चौकट धरून.

१९ जानेवारी
ऑफिसला गेलो नाही.

निशी गेल्यापासून डबा देणाऱ्या गंगुबाई आज त्यांच्या मुलीकडे देवरूखला गेल्या. कुकर काढला, तांदळाच्या डब्यासमोर उभा राहिलो. एकट्याला किती लागतो ते माहीत नाही. कुंपणापाशी जाऊन तात्यांना हाक मारली आणि विचारलं.

“अर्धी वाटी,” तात्या म्हणाले. “नि पाणी जरा जास्त घाल. पयल्यांदा कच्चाच राहतो.”