सोनगीरचा किल्ला

धुळे, मंगळवार, १५ डिसेंबर १९९८

आज कॉम्प्युटर क्लासमध्ये तिन्ही मशीनवर तोच गेम चालू होता आणि मला बसायला जागा नव्हती. खरं तर हा गेम सगळ्यांत आधी मी पूर्ण केला. महिनाभर सांगत होते की काळोखं जग आहे, राक्षस आहेत, तलवार घेऊन हवं तिकडे हिंडता येतं. कोणी ढुंकून पाहिलं नाही. गेल्या आठवड्यात माझ्याच बॅचचा प्रवीण म्हणाला, "सोनगीरना किल्ला समज. बठ्ठा अंधार शे, मझार भूतं शेतस, कोठे बी फिर, कोनी आडावत नही." झालं, रांग लागली.

धुळ्याजवळचं सोनगीर कुठून आलं त्यात? गेममधल्या किल्ल्याला इंग्रजी नाव आहे. मी डिक्शनरी घेऊन त्याचा अर्थ काढला, वहीत चार रंगांत नकाशा काढला. प्रवीण इंग्रजी सूचनांवर अडला की मलाच विचारतो. बाकीचे मात्र त्याला विचारतात. सरसुद्धा.

मग माझं नक्की काय दुखतंय? माझं तर आजोळच सोनगीरचं. घरी मीही 'बठ्ठा', 'शे' असंच बोलते, फक्त क्लासच्या पायऱ्या चढले की ते तोंडातून निघत नाही.

आत्ता धाकट्या बहिणीने विचारलं, "ताई, तो गेम कसा शे?" मी नकाशा तिच्यापुढे ठेवला आणि बोलून गेले, "सोनगीरना किल्ला समज."

"माले बी खेळनं शे," ती लगेच म्हणाली.

नकाशाकडे तिने पाहिलंही नाही.