नावं माझ्या अक्षरात

अहो,

उद्या अकरा वाजता विनय येणार आहे, म्हणून हे पत्र. फोनवर फार गोड बोलला. "काकू, सरांची ती वही तेवढी काढून ठेवा." मी बरं म्हणाले आणि रिसीव्हर ठेवून तिथेच उभी राहिले. तुम्ही असतात तर विचारलं असतं, काय करू?

विनय आठवतो ना? लॉ कॉलेजच्या वर्गात तुम्ही विचारायचात, "निकालाचं वर्ष सांगितलंत, न्यायाधीश सांगितलेत. खटला भरला त्या माणसाचं नाव?" सगळा वर्ग खाली बघायचा. एकट्या विनयला ते नाव ठाऊक असायचं. नारायण पेठेतल्या आपल्या तेव्हाच्या दोन खोल्यांत येऊन तुम्ही मला कौतुकाने सांगायचात. मग तुमचे विद्यार्थी एकेक करून कंपन्यांकडे गेले. तुम्ही मात्र शिकवत राहिलात, आणि कोर्टाच्या कागदांत ज्यांना जागा मिळाली नाही त्यांचा इतिहास लिहीत राहिलात.

नदीपलीकडे आयटी पार्कसाठी जमिनी घेताना ज्यांना मारहाण झाली, कारण न सांगता चौकीत बसवून ठेवलं, त्यांच्या हकिकती तुम्ही रविवारी रविवारी स्कूटरवर जाऊन लिहून आणल्यात. जन्मभर नावासाठी भांडलात आणि शेवटच्या पुस्तकात मात्र नावं बदललीत. ती माणसं अजून तिथेच राहतात, म्हणालात. खरी नावं एका वहीत. तुमचं अक्षर तुमचं तुम्हालाच लागायचं नाही, म्हणून ती वही मी लिहिली. तेवीस नावं. सातवीत शाळा सुटलेली मी, तुमची मुद्रितं वाचत वाचत वाचायला लागलेली. केवढा अभिमान मला त्या वहीचा!

त्या अभिमानानेच घात केला. तुम्ही गेल्यावर विनय भेटायला आला. कॉलेजात सरांच्या कागदांचं दालन करू म्हणाला. मग म्हणाला, "खऱ्या नावांचं काकूंना काय ठाऊक असणार म्हणा." मनात वाईट काही नव्हतं त्याच्या, पण मला झोंबलं. "ती वही माझ्या अक्षरात आहे," मी म्हणाले. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

जाताना कार्ड देऊन गेला. काकू वाचतात हे विसरला बहुतेक. कार्डावर नदीपलीकडच्या जमिनी घेणाऱ्या त्याच कंपनीचं नाव होतं, आणि खाली 'विधी सल्लागार'.

तेव्हापासून लिफ्टचं दार वाजलं तरी मी दचकते. रागावा हवं तर. पण मलाही एक विचारायचंय. खाली अनोळखी गाडी थांबली की तुमचं पेन थांबायचं. काय झालं विचारलं, तर म्हणायचात, शाई वाळली. बॉलपेनची? भीती वाटते म्हणाला असतात, तर मी शेजारी येऊन बसले नसते का?

वही जाळायचं ठरवलं होतं. गॅस पेटवला आणि बंद केला. ज्याची हकिकत त्याची मालकी, असं तुम्हीच म्हणायचात. म्हणून काल बस धरून पुस्तकातल्या कमलाबाईंकडे गेले. खरं नाव इथेही लिहीत नाही. ज्या शेतासाठी मार खाल्ला, तिथल्याच काचेच्या इमारतीत त्या आता फरशी पुसतात. जावई तिथेच गेटवर आहे.

मी सगळं सांगितलं, माझी चूकसुद्धा. त्यांनी आधी उठून दार लावलं. मग म्हणाल्या, माझं नाव वाच. मी वाचलं. पुन्हा वाच म्हणाल्या. पुन्हा वाचलं.

"जाळू नको, बाई," त्या म्हणाल्या. "म्या बोलले व्हते, त्याचं येवढंच हाय कागदावर. पर त्याला देऊ बी नको. माझी चूल हाय तिथं."

येताना बसमध्ये वही पोटाशी धरून बसले होते. शेजारच्या मुलीने गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र नीट केलं, तर तेवढ्यानेही मी वही पदराखाली ओढून घेतली. आता वही घरात नाही. कुठे आहे ते तुम्हालाही सांगत नाही.

हरवली म्हणून सांगावं, असं मनात आलं होतं. पण मग तो तिकडे जाऊन एकेकाला विचारत सुटेल. त्यापेक्षा त्याने माझ्याच दारात उभं राहावं. शाई वाळली, असलं काही मी सांगणार नाही. वही माझ्या ताब्यात आहे आणि देणार नाही, एवढंच म्हणेन. आवाज कापेल. कापू दे. तो नोटीस पाठवेल. पाठवू दे, मी वाचेन.

त्या तेविसांतलं एकही नाव माझ्या तोंडून जाणार नाही, हा तुम्हाला शब्द. विनयला मी एकच नाव सांगेन, नोटिशीवर घालायला. जगातल्या सगळ्या खटल्यांतली नावं पाठ होती त्याला, पण वीस वर्षं काकू म्हणतोय आणि हे एक त्याने कधी विचारलं नाही.

तुमची,
सुमन