आधी अंत्यविधी, मग सूप

ती. स्व. दाजी,

साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे आता जिन्याशी समेट करून असतील, आणि ताई पथ्य मोडू देत नसेल (ती कशालाच भीत नाही, लहानपणी भ्यायचं सगळं काम माझ्याकडे होतं). इकडे सर्व क्षेम.

पत्रास कारण म्हणजे आनंद! तुमच्या वाचनालयाच्या नव्या कादंबरीच्या बाराही प्रती पक्क्या बांधून परवाच रवाना केल्या. तेरावी, माझी स्वतःची, काल दुकानात एका बैठकीत संपवली. जुनी भयकादंबरी मी सात वेळा वाचलेली. त्यामुळे तिचा हा पुढचा भाग कोणी आजकालचा लेखक लिहितो म्हटल्यावर मी पेन्सिल टोकदार करूनच बसलो होतो. (मी शाळा सातवीत सोडली खरी, पण जे वाचलं ते शिवण उसवून वाचलं.) पहिल्या तासातच अकरा चुका! जुन्या हवेलीला एकोणीस खिडक्या, याच्या हवेलीला वीस. वर लिफ्ट. भुताला लिफ्ट कशाला?

पण मध्यावर आलो आणि पेन्सिल गळून पडली. दाजी, एक वाक्य अर्ध्यावर तुटतं आणि एकदम हवेलीतल्या स्वयंपाकीणबाईंचा अंत्यविधी! बाई मेल्या कधी, पत्ता नाही. मग सोळा पानांनी बाई मरतात. आणि त्यानंतर त्याच बाई शांतपणे गाजरं चिरतात, सूप वाढतात, आणि मालक म्हणतो, "मीठ कमी आहे." कोणी दचकत नाही! खुलासा नाही! मी घामाघूम झालो. दुपारी जेवणात सूप होतं, मी ताट सरकवलं. याला म्हणतात प्रतिभा. लेखकाला नऊ पानी अभिनंदनपत्र लगोलग पोस्टात टाकलं. रविवारी तुमच्या वाचकमंडळात यावर चर्चा आहे ना? हा मुद्दा माझ्या नावाने मांडा. तुमच्या समितीलाही कळू दे, की चारशे पुस्तकांच्या बांधणीचं काम ती कोणत्या दर्जाच्या माणसाला देते आहे.

आपला आज्ञाधारक,
मेव्हणा

ता. क. आत्ता सौ. केर काढता काढता कातरणाच्या पट्ट्या घेऊन आली. "अहो, हे बारीक बारीक आकडे कसले?" पृष्ठांक होते, दाजी. कटरवर मी पानं सूतभर जास्त छाटली.

ता. क. २ सौ.ने ते आकडे लावून पाहिले. सोळा-सोळा पानांचे फर्मे एकत्र शिवताना सहाव्याच्या जागी आठवा शिवला गेलाय, आठव्याच्या जागी सहावा. तेराही प्रतींत. पत्र फाडणार होतो, पण अक्षर फार सुरेख आलंय. रविवार आला तरी पार्सल उघडू नका. समितीला सांगा, बांधणारा आजारी आहे. (आहेच.)

ता. क. ३ खऱ्या क्रमाने वाचली. बाई सूप करतात, मरतात, पुरल्या जातात आणि तिथेच राहतात. आता यात भिण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा. अकरा प्रती परत पाठवा. बारावी ताईला द्या. काही बोलू नका. किंचाळली तर तारेने कळवा.