हार घालू नये असं चित्र

सावेडी, अहिल्यानगर
रविवार, १८ जानेवारी २०२६

आरती वहिनींना सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दिवाळीआधी आलं आणि उत्तर संक्रांत उलटल्यावर लिहितोय. माफ करा. कामात होतो असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही.

इकडे सगळं ठीक. थंडीत गुडघा कुरकुर करतो, तेवढंच. राजनंदिनीची बारावी जवळ आली ना? तिला म्हणावं, जागरणं करू नकोस.

तुम्हाला माहीत आहेच, फौजेतून आल्यावर झोप लागेना, तेव्हा डॉक्टरांनी हाताला काहीतरी काम द्यायला सांगितलं होतं. म्हणून मी कॉलेजात सोडून दिलेली जलरंगांची पेटी पुन्हा काढली. आता रविवारी कुणीतरी जुना जवान माझ्या व्हरांड्यात येऊन बसतो आणि मी त्याचं चित्र काढतो. गंमत अशी की, बसा म्हटलं की सगळे बसल्या बसल्या सावधान होतात. छाती पुढे, हनुवटी वर. तसा चेहरा घरात कुणाचाच नसतो. म्हणून मी आधी चहा देतो.

मध्यंतरी गोरक्षनाथ बाबा आले, एकाहत्तरच्या लढाईतले. सोबत त्यांच्या रंगुबाई. आजींनी दारातूनच बजावलं, "जित्या मानसाचा फोटू भितीला नगं. लावला की लोकं हार घेऊन येत्यात."

बाबा बशीत चहा ओतून फुंकर घालत होते. मी तेच काढलं. आजींनी चित्र लांब धरून निरखलं. "च्या पितोय व्हय? मंग लावा. च्या पिनाऱ्याला कोन हार घालतंय?"

बाबा मात्र चित्राकडे बघतच राहिले. "भीमा असाच च्या फुकायचा. सोताचा संपला की माजी बशी पळवायचा."

भीमा त्यांचा खंदकातला सोबती, तिथेच गेलेला. आजी चकित. एवढा संसार झाला, पण हे नाव त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

"त्याचं बी काढ की," बाबा म्हणाले.

"मी पाहिलं नाही त्यांना."

"म्या पायलंय. म्या सांगतो, तू काढ."

ते सांगत गेले, मी काढत आणि खोडत गेलो. शेवटी म्हणाले, "त्योच हाय. पर येवढा गरीब न्हवता. जरा आगाव कर."

मी एक भुवई उचलली. बाबा मोठ्यानं हसले, मग डोळे पुसायला आजींचाच पदर ओढला. "आजवर पडल्यालाच दिसायचा रं," म्हणाले.

वहिनी, ते ऐकलं आणि हे पत्र लिहायचं ठरवलं.

भिंतीवरच्या वर्दीतल्या फोटोत अंगद हसत नाही, राजनंदिनीला हसणारे पप्पा हवेत, तेवढं एक चित्र काढून द्या, असं तुम्ही लिहिलं होतं. मी इतक्यांची चित्रं काढली, ती त्यांच्यासाठी की तुमचं टाळण्यासाठी, हे मला नक्की सांगता येत नाही. वर्षभर बराकीत त्याच्या शेजारच्या खाटेवर झोपलो, पण डोळे मिटले की मला अंगदचा एकच चेहरा दिसतो. गस्तीवरच्या त्या सकाळचा, माझ्या मांडीवरचा. तुम्ही कधी विचारलंत तर सांगेन. पण तो कागदावर उतरवणार नाही.

तुमच्याकडे त्याचे दुसरे चेहरे आहेत. गोदावरीत डुंबून उशिरा घरी आलेला, तुमची बोलणी खाताना हसू दाबणारा. ते मी पाहिलेले नाहीत. पुढच्या रविवारी पुणतांब्याला येऊ का? तुम्ही सांगा, मी काढतो. चुकलं तर खोडू. राजनंदिनीलाही शेजारी बसू द्या.

नको म्हणालात तरी चालेल, असं लिहिणार होतो. पण चालणार नाही, वहिनी. या म्हणा.

तुमचे भाऊजी,
राधाकृष्ण

ता. क. डायरीत उद्यासाठी एकच काम लिहिलंय : पुणतांब्याला न्यायचा चित्राचा कागद भिजवून फळीवर ताणणे.