नशिबाचा वाटा दहा टक्के

४ सप्टेंबर, सकाळ
आजपासून तीन महिने रजा. बाबांना काल हॉस्पिटलमधून घरी आणलं. उजवा हात आणि उजवा पाय गेलेत. म्हणजे आहेत जागेवर, पण ऐकत नाहीत. जीभ जड झालीय, डोकं शाबूत. डॉक्टर म्हणाले, पहिले तीन महिने महत्त्वाचे, जे परत यायचं ते बहुतेक यातच येतं.

ताई म्हणत होती, माझ्याकडे आणा. ठाम नकार दिला. मी काय मेलोय?

बायको शाळेत शिकवते. पावणेसातला जाते, अडीचला येते. मधला वेळ सगळा माझ्या अखत्यारीत. वेळापत्रक केलं : व्यायाम नऊला, बाराला, चारला. अर्धा-अर्धा तास. तीन रंगांची पेनं वापरली. फ्रिजवर चिकटवलं. नियोजन म्हणजे अर्धं काम. अर्धं झालं, म्हणून आज आराम.

५ सप्टेंबर
फिजिओथेरपिस्ट बाई आल्या. दर शुक्रवारी येणार. वयाने लहान, आवाज हेडमास्तरांचा. बाबांचं मनगट कसं उचलायचं, मुठीतलं एकेक बोट कसं उघडायचं, एका वाटीतली बटणं दुसऱ्या वाटीत कशी टाकायला लावायची, सगळं दाखवलं. म्हणाल्या, शंभरदा हलवला तर एकदा मेंदूला पत्ता लागतो, कंटाळायचं नाही. समजलं का, असं मला दोनदा विचारलं. चौदा हजार सुट्या भागांचं गोदाम सांभाळणाऱ्या माणसाला!

एक वही दिली. व्यायाम झाला की टिक करायची.

बाबांनी एक्केचाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. त्या बोटांना बटणं उचलायला किती वेळ लागणार?

८ सप्टेंबर
नऊचा व्यायाम केला. बाराचाही, जवळजवळ. दोन बटणं उचलायला बाबांना वीस मिनिटं लागली. मध्ये नुसतं बसून काय करायचं? गोदामातल्या सहकाऱ्याने (आम्ही त्याला कुलूप म्हणतो, बोलत नाही) एक गेम सांगितला होता. डाउनलोड केला.

तळघर. बारा मजले. पाच फासे. फासे टाकून राक्षस मारत खाली उतरायचं. मेलात की सगळं गेलं, पुन्हा पहिल्या मजल्यापासून. आज सतरा वेळा मेलो. गेमच्या पानाखाली लोकांनी लिहिलंय, सगळा नशिबाचा खेळ आहे. आळशी लोक. नशिबाचा वाटा फार तर दहा टक्के. उरलेली स्ट्रॅटेजी.

१२ सप्टेंबर
पाच फाशांत एक तरी सहा पडायची शक्यता साठ टक्के. पण हवे ते ठेवून उरलेले तीनदा टाकता येतात, मग नव्वदच्या वर. म्हणजे चिकाटीने टाकत राहिलं की नशीब सरळ होतं. हे एवढं साधं लोकांना कळत कसं नाही?

कोष्टक वहीत मागच्या पानांवर मांडलंय. दुसरा कागद हाताशी नव्हता.

फिजिओ बाई आल्या होत्या. ठीक म्हणाल्या.

१९ सप्टेंबर
सहावा मजला. आधी सहाच्या आकड्याला दुप्पट मार देणारे ताईत घेत होतो. हाव. एक वाईट फासा पडला की खेळ खलास. आता आधी ढाल घेतो. वाईट पडणारच असं धरून चालायचं आणि रोज थोडं थोडं जमवायचं. हे आयुष्यालाही लागू आहे. विचार चांगला आहे, म्हणून लिहून ठेवला.

टिकांचं काम वेळखाऊ आहे. महिनाअखेरपर्यंतच्या एकदम करून टाकल्या.

२ ऑक्टोबर
बाबा स्वतःच डाव्या हाताने उजवा हात उचलून टेबलावर ठेवतात आणि बटणांची वाटी घेऊन बसतात. मधूनमधून विचारतात, झालं का रे तुझं? मी म्हणतो, हा एक मजला, बाबा. ते थांबतात. बाबांचा हा गुण मला फार आवडतो. कटकट नाही.

त्यांनी स्वतः करणं जास्त चांगलं. परावलंबी होता कामा नये.

१० ऑक्टोबर
अपमान. फिजिओ बाईंनी कोन मोजायची पट्टी आणली. मनगट पहिल्या दिवशी दहा अंश वर जात होतं, आज बारा. मग वही चाळली. टिका १५ तारखेपर्यंतच्या होत्या. आज दहा. मागची पानंही पाहिली. हे काय, म्हणाल्या. मी म्हटलं, संभाव्यता.

त्यांनी मला काही न विचारता खुर्ची बाबांच्या समोर ओढली आणि त्यांनाच विचारलं, आजोबा, रोज तीनदा व्यायाम होतो का? बाबांनी खिडकीकडे बघितलं. मग म्हणाले, "करून घेतो तो. मीच कंटाळतो."

झालं! खुद्द पेशंटची साक्ष. त्या गेल्यावर बाबांकडे बघून हसलो. ते हसले नाहीत. चेहऱ्याची उजवी बाजू अजून नीट हलत नाही, त्यामुळे असेल.

११ ऑक्टोबर
आजपासून कडक शिस्त. फोन कपाटात. नऊचा व्यायाम पूर्ण, बाराचा पूर्ण. बाबांनी अकरा बटणं टाकली. शेवटच्या बटणाला अंगठा आपणहून वळला. दोघांनीही पाहिलं. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. चहा केला. बाबा म्हणाले, चारला पुन्हा करू.

बक्षीस म्हणून पावणेचारला एकच रन (पहिल्या मजल्यापासून एक डाव) खेळलो. आठवा मजला! सव्वापाच वाजले.

१३ ऑक्टोबर
शिस्तीला एक दिवस सुट्टी हवीच. नाहीतर ती टिकत नाही.

२४ ऑक्टोबर
नववा, नववा, सातवा, दहावा. नशिबाचा वाटा पंधरा टक्के धरायला हरकत नाही.

ताईचा फोन. हात कसा आहे? म्हटलं, हळूहळू. ती म्हणाली, किती हळूहळू? म्हटलं, शेवटी हे सगळं नशिबाच्या हातात, आपण फक्त प्रयत्न करायचे. ताईने फोन ठेवला. पटलं असावं.

६ नोव्हेंबर, संध्याकाळी ६
शांतपणे लिहितो.

अकरावा मजला. आजवर कधीच गेलो नव्हतो. कानात इयरफोन. एक वाजला असेल. एकदा हाक ऐकू आल्यासारखं वाटलं. पण त्या मजल्यावरच्या राक्षसालाही तसाच आवाज आहे. दुसऱ्यांदा हाक आली असती तर उठलोच असतो. आली असेल तर ऐकू आली नाही.

अडीचला बायको आली. बाबा बाथरूमच्या दारात जमिनीवर होते. पायजमा भिजलेला. दीड तास. डाव्या हाताने चौकट धरून ठेवली होती. हाड मोडलं नाही, डॉक्टर येऊन बघून गेले. कुल्ल्यावर काळंनिळं झालंय.

बायको ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही. मला म्हणाली, पलीकडून धर. दोघांनी उचललं, तिने पुसलं, कपडे बदलले. बाबा सारखं म्हणत होते, मी जोरात नाही हाक मारली, मी जोरात नाही मारली. मग तिने फ्रिजवरचं वेळापत्रक काढलं, चार घड्या घातल्या आणि कचऱ्यात टाकलं. तीन रंगांचं होतं.

अकराव्यावर मेलो, हे सांगायला नको.

७ नोव्हेंबर
गेम डिलीट केला. कायमचा. बाबांचा हात हातात घेऊन तासभर बसलो. बोटं उघडायचा प्रयत्न केला तर ते दचकतात. उभं राहायलाही घाबरतात आता. पडल्यामुळे. होईल कमी.

९ नोव्हेंबर
ताई आली. गाडी घेऊनच आली. माझ्याशी बोललीच नाही, सगळं बायकोशी. औषधं, कपडे, काठी, बटणांच्या वाट्या. मी म्हटलं, अजून पंचवीस दिवस रजा आहे माझी. ताई म्हणाली, "मग घे विश्रांती."

बाबांनी गाडीत बसताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. डावा.

विचार केला तर बरोबरच आहे. सूत्रं योग्य माणसाच्या हाती देणं हीसुद्धा स्ट्रॅटेजीच.

१० नोव्हेंबर
घर मोकळं मोकळं वाटतं. गेम पुन्हा डाउनलोड केला. रिकामं डोकं वाईट. सगळी प्रगती पुसली गेलीय, पण ज्ञान कुठे जातं?

२३ नोव्हेंबर
बायको माझ्याशी बोलते. भाजी कोणती करू, गॅस बंद केलास का, एवढंच. पूर्वी ती शाळेतल्या गमती सांगायची. विचारलं, काय झालंय? म्हणाली, काही नाही. काही नाही म्हणजे काही नाही असं धरलं.

१ डिसेंबर
तीन महिन्यांची तपासणी. मीही गेलो. ताई, बाबा, फिजिओ बाई, मोठे डॉक्टर. बाबा काठी टेकत दहा पावलं चालले. मनगट तीस अंश. बाराचे तीस, तीन आठवड्यांत! मी टाळी वाजवली. एकट्यानेच.

डॉक्टर म्हणाले, चालणं अजून सुधारेल, जेवताना उजव्या हाताचा आधार घेता येईल. बारीक काम मात्र आता अवघड. बाबांनी विचारलं, चिमटा धरता येईल? घड्याळाचा. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. फिजिओ बाई म्हणाल्या, हेच दोन महिने आधीपासून झालं असतं तर... आणि थांबल्या. वाक्य पुरं करायची सवयच राहिली नाही लोकांना.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, बाबा, नशीब. बाबा म्हणाले, हं.

३ डिसेंबर, दुपारी ४ वाजून १० मिनिटं
जिंकलो. बारावा मजला. शेवटच्या राक्षसाला पाच षटकार. पडद्यावर फटाके उडाले. खुर्चीतून उठलो. घरात कोणी नाही. बायको अडीचला येऊन बॅग ठेवून कुठेतरी गेलीय.

कुलूपला फोन केला. म्हणाला, कुठला गेम? त्याने तो सप्टेंबरातच काढून टाकला.

मग ताईकडे केला. तिने फोन बाबांच्या कानाशी धरला. म्हटलं, बाबा, जिंकलो. बाबा म्हणाले, अरे वा. खरंच खूश वाटले. मग म्हणाले, "ठेव आता. चार वाजून गेले. ताई बटणं घेऊन थांबलीय."

उद्यापासून कामावर. फोन हातात धरून बसलो होतो. गेम उघडला नाही. म्हणजे उघडला. एकच रन खेळलो. दुसऱ्याच मजल्यावर मेलो.

फासे चांगले पडत होते.