वरच्या खाचराची वाटणी

महिपत, चष्मा कपाळावर आहे. तो खाली घे आणि मग वाच, नाहीतर अर्धं वाचून उरलेलं मनाने जोडशील.

मी चंद्रभागा गोमाजी भोईर, वय अदमासे अठ्ठ्याऐंशी, राहणार खडवली, तालुका कल्याण. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. तू दिला नसतास. मला अक्षर येत नाही, म्हणून शेजारच्या हेमाबाईंना सांगून लिहवून घेते. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणून बघायचा होता.

बाळकुमची माझ्या माहेरची जमीन गेली, त्या पैशांतून घर, विहीर आणि दोन भातखाचरं मी स्वतःच्या नावावर घेतली. त्यांची वाटणी अशी.

एक. घर, विहीर आणि पंप माझा मुलगा महिपत यास. सध्या नात विनिता कसते ते खालचं खाचरही त्यालाच.

दोन. रस्त्याला लागून असलेलं वरचं खाचर, जे महिपत वीस वर्षं कसतो, ते विनितास. ओरडू नकोस, पुढे वाच.

विनिता ही माझ्या गेलेल्या संदेशची मुलगी. वर्तकनगरहून ये-जा करून शेणखत-जीवामृतावर भात पिकवते. तिचं पिंप उघडलं की आमचं कुत्रं घर सोडतं. महिपत एका फवाऱ्यात मारतो ते तण ती आठ दिवस उपटते, आणि पीक त्याच्या निम्मं. वर ठाण्याच्या गिऱ्हाइकांना औषध नको आणि तांदळात पोरकिडाही नको. महिपत दर वर्षी गोणीभर खत जास्त टाकतो आणि मलाच विचारतो, "आई, जमीन अशी कडक का झाली गं?"

तीन. आता पोटातलं. सेंद्रियचा दाखला मिळायला तीन वर्षं लागतात. तिसऱ्या वर्षी विनिताच्या रोपांचे मधले कोंब सुकायला लागले. पोर बांधावर उपाशी बसली, मला बघवेना. ती ठाण्याला गेल्यावर मी महिपतच्या पडवीतून खोडकिड्याचं दाणेदार औषध उचललं. पुडीवरचं वाचता येत नाही, पण विषाच्या खुणेच्या त्रिकोणाचा रंग ओळखते. दोन ओंजळी तिच्या खाचरात टाकल्या. पीक वाचलं. तपासणीत तांदळात औषध निघालं, दाखला गेला, पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात.

"काका, तुमचंच पाणी खाली उतरलं."

"माझ्या पाण्यावर नाव लिहिलंय काय गं?"

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. मी समोर होते, भाकरी थापत राहिले. वर्ष झालं, एका जागी बूड टेकत नाही. हे सांगतानाही हेमाबाई दोनदा ओरडल्या, "आजी, बसा की!"

महिपतचा काही दोष नाही. तरी वरचं खाचर त्याच्याकडून जातं, यात न्याय नाही हे मला कळतं. पण दोघंही आपापली पद्धत सोडणार नाहीत आणि पाणी वरूनच खाली येणार. विनिताने ते विकायला काढलं, तर त्याच दिवशी ते महिपतचं.

चार. पितळेचा हंडा सून रतनला. ती तो दहा वर्षं आपलाच म्हणते. आता खरं बोलेल.

हे सगळं मला वाचून दाखवलं. सांगितलं तेच लिहिलं आहे, शिव्या तेवढ्या गाळल्या.

स्थळ: खडवली. दिनांक: १२ जानेवारी २०२५.

डाव्या हाताचा अंगठा: चंद्रभागा गोमाजी भोईर

साक्षीदार: माया केणे, सुशांत तरे

शाई वाळेपर्यंत एवढं लिहा, हेमाबाई. माझं तेरावं झालं की विनिताने काकाकडे सुकटीचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या पाठवायच्या. भाकऱ्या स्वतः थापायच्या, डबा स्वतः आणायचा. आणि महिपत, मीठ कमी पडलं तरी गुमान जेवायचं.