आबा लिहिलं आन् ऊस मागं पडला

१२ जाने. ९८, दौंड
आज कारखान्यात बोलणी खाल्ली. खुटबाव गावचे पाचसहा शेतकरी आलेले. पंधरा महिन्यांचा ऊस उभा, तुरे आलेत, आन् तोडणीच्या यादीत नावं पार तळाला. यादी काढणारा कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम मी लिहिलेला. साहेब सगळ्यांदेखत, "शेखांचा प्रोग्रॅम." हंगाम सुरू झाला तवा "आपला प्रोग्रॅम" होता! रोजा सोडून यादी तपासायला बसलो.

१३ जाने.
सापडलं. ऑपरेटर सुमनताई एका ओळीत टाकतात: तोड हा हुकूम, मग नाव, उसाचे महिने, टोळीचा नंबर. नाव-आडनाव जोडून, मधे जागा नको, हे मीच शिकवलेलं. त्यांनी टाकलंय: तोड सोपानथोरात आबा १५ ३. नावापुढचा शब्द म्हंजी महिने. "आबा"चे झाले शून्य! शून्य महिन्यांचा ऊस कोण तोडतंय?

विचारलं तर म्हणाल्या, "भाऊ, खुटबावची ती सासऱ्यांच्या भावकीतली माणसं. नुसतं नाव कसं टाकू?" बाकी गावांची नुसतीच टाकलीत, ती बरोबर. जिथं मान दिला तिथंच ऊस वाळला.

ओळीत किती शब्द आले ते सी भाषेत 'आर्गसी' नावाच्या आकड्यात आयतं मिळतं. चाराच्या वर गेले तर थांबवायचं. एक ओळ. लिहिली न्हाई. घाई होती... घाई कसली, कंटाळा केला.

१४ जाने.
ओळ घातली. यादी सुधारली, पण टोळ्या लांब गेल्यात. खुटबावला पंधरवडा तरी जात न्हाईत.

१६ जाने.
साहेबांनी केबिनमधे घेतलं. "ऑपरेटरची चूक, असं लिहून द्या. बाई रोजंदारीवर हाय, जाईल. तुमची कायम नोकरीची ऑर्डर ईदच्या आत काढतो." सहा वर्षं या शब्दाची वाट बघतोय. अम्मीला फक्त ऑर्डरचं सांगितलं. शेजारी सांगून आली.
चीड साहेबाची येत न्हाई, माझीच येते.

१७ जाने. शनि.
सोपान आबा स्वतः आले. सुमनताई डोक्यावर पदर घेऊन उभ्या. आबा साहेबांना, "पोरीला काय बोलू नका." मग माझ्याकडं वळून, "तुम्ही शिकलेलं. चूक कुणाची, सांगा की."
सगळे बघत होते. मी म्हणालो, "तपासतोय, आबा."
तपासून चार दिवस झालेत.
सुमनताई जाताना, "माझंच चुकलं ना, भाऊ?" मी कीबोर्डवर पुढच्या गावाची नावं टाकायला लागलो.
'ऑपरेटरची चूक' असा कागद टाइप झालाय. सोमवारी द्यायचा. सही अजून केली न्हाई. लाज वाटते, आन् ऑर्डरही पाहिजे.